एका रफाराचे अठराशे पन्नास रुपये

गेल्या महिन्यात मी माझ्या रिमोटच्या गाडीसाठी एक बॅटरी घेतली. तिचे अठराशे पन्नास गेले, तिच्यापायी चौदाशेचा सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) जळाला, गाडीच्या पुढच्या चाकाचा आर्म मोडला आणि एका रविवारी सकाळी एका पोराच्या नडगीला गाडी लागता लागता राहिली. नुसते पैसे गेले असते तर गप्प बसलो असतो. पोराचं आठवलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून लिहितोय.

माझी गाडी १/८ स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराची, नायट्रो बगी, सेकंडहँड. रिमोटची गाडी म्हटली की लोक विचारतात, "किती वेळ चार्ज टिकतो?" ही गाडी चार्जवर पळतच नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर तिचं छोटं इंजिन चालतं. बॅटरी लागते ती रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीला, आणि दोन सर्वोंना. एक सर्वो चाकं वळवतो, दुसरा कार्बोरेटर उघडतो आणि ब्रेक दाबतो. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी संपली की गाडी थांबते. आमच्यात उलटं आहे. बॅटरी संपली तरी इंजिन चालूच राहतं, फक्त त्याला आवरणारं कुणी उरत नाही. साडेतीन किलोचं धूड, ताशी पन्नास-साठचा वेग. त्यामुळे गाडीत सगळ्यात स्वस्त दिसणारी ही वस्तूच सगळ्यात जपून घ्यायची असते. हे मला माहीत होतं, तरीही फसलो.

आधी पाच सेलचा निकेलचा पॅक होता, सहा व्होल्टचा. म्हातारा झाला होता. शनिवारी रात्री भरून ठेवला तरी रविवारी दुसऱ्या टाकीला स्टिअरिंग मऊ लागायचं. म्हणून ठरवलं की आता लिथियम घ्यायचा. त्यात रिसीव्हरसाठी दोन पर्याय. एक लिपो (लिथियम पॉलिमर): नाव ७.४ व्होल्टचं, पण पूर्ण भरली की ८.४. माझे सर्वो सहा व्होल्टचे, म्हणजे लिपो घेतली तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर हवा किंवा सर्वोच जास्त व्होल्टेजचे हवेत. दुसरा लिथियम आयर्न फॉस्फेट, आमच्या बोलण्यात 'लाइफ'. त्याचा सेल ३.३ व्होल्टचा, दोन मिळून ६.६. सहाच्या बऱ्याचशा सर्वोंना तो थेट चालतो, शेवटपर्यंत व्होल्टेज जवळपास सपाट राहतं आणि लिपोपेक्षा उष्णता जास्त सोसतो. सोलापूरचं ऊन, त्यात इंजिनच्या शेजारी बंद डबीत बसणारा पॅक. माझ्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता: लाइफच.

ऑनलाइन मागवायला थांबायचं कोण? आमच्या रविवारच्या टोळीतल्या एकानं एका विक्रेत्याचा नंबर दिला. पेठेत माडीवर छोटी खोली, ड्रोनचे पंखे, खेळण्यांचे चार्जर, पॉवर बँका. माणूस बोलायला गोड. "घ्या की ओ, तीन हजार एमएएचचा आहे, सबंध सकाळ खेळा." एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. पॅक नवाकोरा दिसत होता. निळं चकचकीत वेष्टण, त्यावर 'लाइफ ६.६ व्होल्ट ३०००', सर्वोचा प्लग आणि चार्जरला प्रत्येक सेल वेगळा तपासता यावा म्हणून असतो तो तीन तारांचा पांढरा बॅलन्स प्लगसुद्धा. बिल मागितलं तर म्हणाला, "बिलात घ्यायचं तर अठरा टक्के जादा." मी मान हलवली आणि यूपीआयनं पैसे टाकले. त्या मान हलवण्याचा मला पुढं फार पश्चात्ताप झाला.

घरी आल्यावर चार्जरवर लाइफचा मोड निवडून पॅक लावला तर चार्जरनं एरर दाखवली: सेलचं व्होल्टेज जास्त. फोन केला. "तुमचा चार्जर जुना असंल. नवीन पॅक भरूनच देतो आपण. आधी वापरा." मला वाटलं, बरा माणूस आहे, भरून देतो. यंत्र बोंबलत होतं आणि मी माणसावर विश्वास ठेवला. हातात मल्टिमीटर होता. टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मीटर रोज वापरतो. तेव्हा तो पॅकला लावावा असं सुचलंच नाही.

पहिल्याच रविवारी होटगी रोडकडच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी सोडली. स्टिअरिंग एवढं झटपट, की मित्र म्हणाला, "काय बे, नवीन सर्वो टाकलास काय?" मी फुशारलो. पण गाडी उभी असताना सर्वो गुणगुणत होता. पंधरा-वीस मिनिटांनी जळका वास आला, चाकं डावीकडं वळली ती तशीच राहिली. सर्वोला हात लावला तर चटका बसला.

विक्रेता म्हणाला, "सर्वो डुप्लिकेट निघाला असंल." नवा सर्वो घेतला. या वेळी पॅक थोडा उतरला होता, त्यामुळे चार्जरनं मुकाट्यानं घेतला. पण दोनशे-सव्वादोनशे एमएएच भरले आणि 'फुल्ल' म्हणाला. तीन हजारच्या पॅकमध्ये एवढंच? पुन्हा फोन केला. आणि आता त्याचं उत्तर नीट वाचा: "मग लिपोच्या मोडवर लावा ना. सगळं एकच असतं."

सगळं एकच नसतं. खरा लाइफ पॅक लिपोच्या मोडवर लावला तर चार्जर त्याला ७.२ ऐवजी ८.४ पर्यंत ढकलत नेतो. पॅक फुगतो, फुटूही शकतो. मी ते केलं नाही, एवढंच एक शहाणपण माझ्या खात्यावर. पण तो तसं का म्हणाला, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या रविवारी आठ मिनिटंसुद्धा झाली नसतील. लांबच्या टोकाला मी गाडी पूर्ण थ्रॉटलवर सरळ सोडली होती. वळवायला गेलो, वळली नाही. ब्रेक मारला, लागला नाही. रिसीव्हरचा फेलसेफ मी नीट लावलेला होता, सिग्नल गेला तर ब्रेक लागावा असा. पण फेलसेफ लावायलाही वीजच लागते. रिसीव्हरच मेला तर ब्रेकचा हुकूम देणार कोण? सर्वो होता तिथंच अडकला, कार्बोरेटर उघडाच. तो बंद करायला वरून एक रिटर्न स्प्रिंग असते, ती मी दोन महिन्यांपूर्वी लिंकेज बदलताना काढून ठेवली होती. ही चूक माझीच, विक्रेत्याच्या माथी मारत नाही. शेजारच्या प्लॉटवर पोरं क्रिकेट खेळत होती. गाडी त्यांच्या स्टंपामधून गेली, बॅटिंग करणाऱ्या पोराच्या पायाजवळून, वीतभर अंतरावरून, आणि पुढं बाभळीच्या बुंध्यावर आदळली. पोराला वाटलं गंमत झाली. टाळ्या वाजवत होता. माझे पाय लटपटत होते.

त्या संध्याकाळी पॅक घेऊन दाजींकडं गेलो. ते मोबाईल रिपेअरी करतात. सगळी कथा ऐकून एवढंच विचारलं, "आणला तेव्हा मीटर लावलास का?" नाही म्हणालो. त्यांनी तो चार्जरवर लिथियम आयनच्या मोडला, गच्चीवर विटेवर ठेवून, समोर बसून भरायला लावला. ७.२ ला थांबला नाही. ७.५, ७.८, आठच्या पुढं गेला. काढून तासभर ठेवला तरी मीटर ८.१ दाखवत होता. भरलेला लाइफ पॅक थोडा वेळ ठेवला की ६.६-६.७ च्या आसपास खाली येऊन बसतो. आठवर टिकून राहतो तो लाइफ नव्हेच. तो साधा लिथियम आयन होता, व्होल्टेजच्या बाबतीत लिपोचाच भाऊ.

आता सगळे दुवे जुळले. आणला तेव्हा पॅक अर्धवट भरलेला, साडेसातच्या वर. म्हणून चार्जरची एरर, म्हणून ते झटपट स्टिअरिंग, म्हणून सर्वो जळाला. नंतर लाइफच्या मोडवर चार्जर सेलमागे ३.६ ला थांबला आणि लिथियम आयन ३.६ ला जवळजवळ रिकामा असतो. मी रिकाम्या पॅकवर गाडी पळवत होतो. 'लिपोच्या मोडवर लावा' हा सल्ला त्या पॅकसाठी अगदी बरोबर होता. म्हणजे आत काय आहे ते विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढं डिस्चार्ज करून मोजलं: ३००० च्या जागी १०८० एमएएच. मग दाजींनी वेष्टण कापलं. (हे तुम्ही घरी करू नका, ब्लेड सेलला लागलं तर आग लागते.) आत १८६५० आकाराचे दोन सेल, म्हणजे अठरा मिलिमीटर जाडी आणि पासष्ट लांबी. निळ्या वेष्टणाखाली जुनं गुलाबी वेष्टण तसंच, कडेला गंजाचा तपकिरी डाग आणि टोकाला जुन्या स्पॉट वेल्डिंगच्या पट्ट्या उपटल्याच्या खुणा. कुठल्यातरी लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले. आणि तो बॅलन्स प्लग? मधली तार दोन सेलच्या जोडावर असायला हवी. ती कशालाच जोडलेली नव्हती. टोक कापून गोंदानं पुठ्ठ्याला चिकटवलं होतं. इतका वेळ मी मनात म्हणत होतो की त्यालाही कुणीतरी फसवलं असेल. ती चिकटवलेली तार पाहिली आणि ते म्हणणं सोडून दिलं.

एक गोष्ट तर दुकानातच दिसायला हवी होती. त्या आकाराच्या लाइफ सेलमध्ये साधारण १५०० ते १८०० एमएएच मावतात. दोन सेल एकापुढं एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होतं, एमएएच तेवढेच राहतात. दोन सेलच्या देहाचा ३००० चा लाइफ पॅक असूच शकत नाही. आणि १८६५० मध्ये कुणी ५०००, ९९०० असं लिहिलं असेल तर उठून चालू लागा. चांगले लिथियम आयन सेलसुद्धा त्या आकारात बहुतेक ३५०० च्या आसपास संपतात.

पॅक घेऊन माडीवर गेलो. माणूस शांत. "साहेब, मी आयनच म्हणालो होतो. तुम्ही आयर्न ऐकलं." एका रफाराचा फरक! लेबलवर ६.६ कसं, विचारलं तर म्हणाला, "लेबल वरनं येतं." पैसे परत नाही, पुढच्या खरेदीत तीनशे कमी करतो म्हणाला.

लेबलवर आणखी एक गोष्ट होती. भारतात विकायच्या अशा लिथियम बॅटरीवर आयएस १६०४६ हे मानक आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. माझ्या पॅकवर क्रमांक होता, म्हणून तर मी निश्चिंत होतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकून बघता येतो. टाकला. काहीच निघालं नाही. दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी करायचं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि उघडलेल्या पॅकचे फोटो होते म्हणून तक्रार नोंदली गेली. अठरा टक्के वाचवले नसते तर काम सोपं झालं असतं.

सध्या गाडीत पुन्हा पाच सेलचा निकेलच आहे, नवा, बिलासकट, आणि स्प्रिंग परत बसवलीय. ते दोन सेल टोकांना टेप लावून वाळूच्या डब्यात ठेवलेत, पुरावा म्हणून. परवा विक्रेत्याचा ग्रुपवर मेसेज पडला. तेच निळं वेष्टण, तोच आकार, खाली लिहिलं होतं, 'लाइफ पॅक, नवीन स्टॉक, ३६०० एमएएच.'