नावडत्या आवाजावर लिहिलेले पुस्तक

कार्ल विल्सन या कॅनेडियन समीक्षकाचे ‘लेट्स टॉक अबाउट लव्ह’ हे छोटेखानी पुस्तक २००७ साली ‘३३⅓’ या मालिकेत प्रसिद्ध झाले. एका पुस्तकात एकाच अल्बमविषयी लिहायचे, असा या मालिकेचा रिवाज आहे, आणि साहजिकच बहुतेक लेखक आपल्या जिवाभावाचा अल्बम निवडतात. विल्सनने मात्र कॅनेडियन पॉप गायिका सेलिन डिऑन हिचा, पुस्तकाच्याच नावाचा १९९७ चा अल्बम निवडला, आणि तोही तिचा आवाज त्याला मनापासून नकोसा वाटत होता म्हणून. या अल्बमच्या जगभरात ३ कोटींच्या आसपास प्रती खपल्या. त्यात ‘टायटॅनिक’चे गाणे आहे, गायिका बार्बरा स्ट्रायसँड आणि ऑपेरा गायक पाव्हरॉट्टी यांच्याबरोबरची द्वंद्वगीते आहेत, बी जीज या पॉप गटाची साथ आहे; थोडक्यात, दर्दी म्हणवणाऱ्याने नाक मुरडावे अशी सगळी सामग्री त्यात जमून आलेली आहे.

या तिटकाऱ्याला जी एक घटना कारणीभूत झाली, तिच्यावरची पाने पुस्तकातली सर्वांत चांगली पाने आहेत. मार्च १९९८ मधल्या ऑस्कर सोहळ्यात सर्वोत्कृष्ट गाण्यासाठी सेलिन डिऑनच्या गाण्यासमोर एलियट स्मिथ याचेही गाणे होते. मोजक्या जाणकारांच्या प्रेमाचा धनी असलेला हा संकोची गायक पांढऱ्या सुटात, हातात गिटार घेऊन त्या अवाढव्य रंगमंचावर उभा राहिला आणि अपेक्षेप्रमाणे हरला. विल्सनला आणि त्याच्यासारख्या अनेकांना तो आपलाच अपमान वाटला. पण रंगमंचामागे काय घडले, ते स्मिथने नंतर स्वतः सांगितले होते. तो घाबरलेला पाहून सेलिनने त्याची आपुलकीने विचारपूस केली, भीती वाटते ते चांगलेच, त्याने गाणे अधिक रंगते असा धीर दिला आणि त्याला मिठी मारली. पुढे कुणी तिची टिंगल केली की तिची बाजू घ्यायला स्मिथच उभा राहत असे. ज्याच्या वतीने आपण इतकी वर्षे राग धरून बसलो, त्याच्या मनात रागाचा लवलेशही नव्हता, हे विल्सन ज्या प्रांजळपणे कबूल करतो, तो प्रांजळपणा समीक्षेत फारसा आढळत नाही.

क्वेबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांतावरचे प्रकरणही वाचनीय आहे. माँट्रियलजवळच्या शार्लमाँ गावातली, चौदा भावंडांत धाकटी असलेली ही मुलगी फ्रेंच गाण्यांनी मोठी झाली. इंग्रजी अल्बम काढल्यावर १९९० मध्ये तिला ‘वर्षातील इंग्रजी कलावंत’ म्हणून पुरस्कार देऊ केला गेला, तेव्हा आपण क्वेबेकच्याच आहोत असे सांगून तिने तो भर सोहळ्यात नाकारला. जिला सगळे चेहरा नसलेली, कुठलीच नसलेली गायिका म्हणतात, तिचे मूळ इतके घट्ट रुजलेले असावे, हे मला तरी अनपेक्षित होते.

यानंतर विल्सन पिएर बोर्दिउ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाकडे वळतो. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये केलेल्या पाहण्यांच्या आधारे बोर्दिउने १९७९ साली दाखवून दिले की कुणाला ‘ब्लू डॅन्यूब’सारखे लोकप्रिय वॉल्ट्झ आवडते आणि कुणाला बाखच्या रचना, हे बरेचसे त्या माणसाच्या शिक्षणावर आणि सामाजिक स्तरावर ठरते. हा भाग पुस्तकात थोडा पाठ्यपुस्तकी झाला आहे. पण तो वाचताना मला आपला ‘सवंग’ हा शब्द आठवत राहिला. त्याचा मूळ अर्थ केवळ स्वस्त, कमी किमतीत मिळणारा. लोकांना आवडलेल्या गाण्याला नावे ठेवताना आपण नकळत बाजारभावाची भाषा बोलतो, आणि जे गरिबाला परवडते ते हलके, हा हिशेब त्यातच आला.

माझी तक्रार वेगळी आहे. लोकप्रियतेला पात्र कोण, या प्रश्नाभोवती विल्सन घुटमळतो, पण पात्रतेचे निकष किती सोयीने बदलले जातात याची पुरेशी झडती घेत नाही. सेलिन स्वतःची गाणी स्वतः लिहीत नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो याच अल्बमात तिच्यासोबत गाणाऱ्या पाव्हरॉट्टीलाही तंतोतंत लागू पडतो, पण त्याला तो कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. तंत्र कच्चे असेल तर ‘गाता येत नाही’ म्हणायचे आणि पक्के असेल तर ‘निव्वळ कसरत’ म्हणायचे, असा न्याय असेल तर आरोपीने करावे तरी काय? अल्बम विकत घेणाऱ्यांनी आपला कौल केव्हाच दिलेला असतो; समीक्षक मागाहून खटला उभा करतो आणि शिक्षा गायिकेइतकीच तिच्या श्रोत्यांनाही सुनावतो.

त्या श्रोत्यांची बाजू मात्र पुस्तकात नीट येते. विल्सन तिच्या चाहत्यांना भेटतो, लास व्हेगासमधला तिचा कार्यक्रम पाहतो, त्यांना नमुने म्हणून मांडत नाही. घरी अल्बम ऐकताना आवाज शेजाऱ्यांच्या कानी गेला तर काय, या विचाराने तो ओशाळतो, तो प्रसंग वाचून मला हसू आले, कारण अशा गाण्यांसाठी मीही हेडफोन शोधतो आणि वाद्यवृंदाची सिंफनी लावायची असेल तर मला तो कधीच आठवत नाही.

गेल्या काही वर्षांत वारे फिरले आहे. जे खपते त्याला नावे ठेवणेच आता अनेक ठिकाणी अशिष्ट मानले जाते, आणि या पुस्तकाचा दाखला देऊन कुणाचीही नापसंती ‘उच्चभ्रूपणा’ म्हणून मोडीत काढता येते. विल्सनने असा परवाना दिलेला नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे तो अल्बमचे रीतसर परीक्षण लिहितो आणि जे त्याला पटत नाही ते पटत नाही असेच म्हणतो.

२०१४ च्या वाढीव आवृत्तीत निक हॉर्नबी, मेरी गेटस्किल आदी लेखकांचे लेख जोडले आहेत. ते कमीअधिक दर्जाचे आहेत आणि त्यांनी पुस्तकाचा आटोपशीरपणा हरवतो, म्हणून जुनी आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी. वाचून झाल्यावर मी तो अल्बम पहिल्यांदाच सलग ऐकला. पाव्हरॉट्टीबरोबरचे गाणे मला अजूनही बटबटीत वाटते. ‘द रीझन’ मात्र त्यानंतर दोनदा लावले, एकदा हेडफोनशिवाय.