काम चोख, बोलणं नको रे बाबा: पाण्याच्या फिल्टरची घरपोच सर्व्हिस, सिडको

पाचपैकी तीन तारे. दुरुस्ती करणाऱ्या पोरामुळे तीन, नाहीतर एकावरच थांबलो असतो. दुकानाचं नाव लिहीत नाही. पाटी बदलली तरी हीच वाक्यं नाशिकभर ऐकायला मिळतात.

आमचं जुनं यूव्हीचं मशीन, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं. धार बारीक झाली म्हणून सकाळी फोन केला. पलीकडच्या मॅडम म्हणाल्या, "माणूस निघालाय सर." दुपारी विचारलं तर माणूस त्रिमूर्ती चौकात. संध्याकाळी, "पाचच मिनिटं, पाथर्डी फाट्यावर आहे." एवढ्या वेळात पायी निघालेला माणूस त्र्यंबकला पोचला असता. आमचा उगवला दुसऱ्या दिवशी, आणि सोबत शर्ट खोचलेले एक गृहस्थ.

"काका, तुमच्या भल्यासाठी सांगतोय." हे वाक्य आलं की मी आधी खिसा चाचपतो. गृहस्थांनी दोन ग्लास मागितले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबाने गाळून क्षार काढलेलं. दोन्हींत सळ्या बुडवून प्लग लावला. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी, वर गाळ. "बघा! हे पिताय तुम्ही!" ही घाबरली. माझी हयात अंबडला प्लेटिंगच्या कारखान्यात गेली, मला हसू आलं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडी सळई झिजते, आणि तोच गंज पाण्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार जेमतेम, म्हणून ते स्वच्छ राहतं. मी म्हटलं, तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका. "तसं नसतं ना काका." मग मीच टाकलं. तोही रंगला. "काय आहे ना काका, हा कंपनीचा डेमो आहे." आता यावर काय बोलणार!

मग त्यांनी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा मीटर काढला. आकडा दीडशेच्या आतच आला. गंगापूर धरणाचं पाणी, येणार किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याखाली आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये केंद्राला सांगितलं होतं. हे ऐकवल्यावर उत्तर, "ते कागदावर असतं हो." सगळ्यांत जास्त डोकं फिरवणारं वाक्य हेच. त्यांचं माहितीपत्रकही कागदच होतं ना? शिवाय मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. जंतूंसाठी यूव्ही आहेच. तुमच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओचा विचार जरूर करा.

एवढा वेळ पोरगा खाली बसून मशीन खोलत होता. बोलला ते इतकंच, "बाहेरची कॅन्डल चोंदलीय. पावसाळ्यात गढूळ येतं. ही बदलतो, आतली चालेल अजून." बदलली, धार पूर्ववत झाली, ओटा पुसून दिला. जुनी कॅन्डल न मागता हातात ठेवली. असं काम हल्ली कमी बघायला मिळतं.

रात्री जेवताना फोन. "सर, आमच्या सर्व्हिसने तुम्ही हॅपी आहात ना? दहापैकी दहाच द्या, नाहीतर टेक्निशियनचे पैसे कापतात." पोराच्या नावावर दहा दिले. पण गिऱ्हाइकाला अशी गळ घालायची म्हणजे कमालच झाली.

बोलावणार असाल तर पोरगा एकटाच येऊ दे म्हणून आधीच सांगा. बदललेली वस्तू परत मागा. पैसे देताना "बिल लागतं का काका?" असं हळूच विचारतील. लागतं म्हणा.