बिनहातांचा देव, काकवी आणि केसभर चमकी

परवाच्या रविवारी लेकीला (वय 7) घेऊन 'विश्वाची गोष्ट' नावाच्या दोन तासांच्या कार्यशाळेला जाऊन आले. एका मुलाचे 600 रुपये, पालक फुकट पण मागे गप्प बसायचं. कोणाची ते लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत, आणि तसंही ही गोष्ट मॉन्टेसरी शाळांमध्ये 6 वर्षांपुढच्या मुलांना सांगतातच, त्यामुळे कुठेही गेलात तरी साधारण हेच बघायला मिळेल.

गोष्ट मुळात आपल्याकडचीच म्हणायला हरकत नाही. ही शिक्षणपद्धत सुरू करणाऱ्या मारिया मॉन्टेसरी 1939 ला मद्रासला आल्या त्या थोड्या दिवसांसाठी, पण 1940 ला इटली महायुद्धात उतरली, बाई इटलीच्या, त्यामुळे 1946 पर्यंत इथेच अडकल्या, आणि त्यातली 1942 ते 44 ही वर्षं कोडाईकनालला होत्या तेव्हा हे विश्वाचं शिक्षण वगैरे आकाराला आलं.

तर खोलीत अंधार केला. ताईने अगदी हळू आवाजात सुरू केलं की आधी काहीच नव्हतं, नुसता काळोख आणि बर्फालाही हुडहुडी भरेल अशी थंडी. मग एक देव, त्याला हात नाहीत, पाय नाहीत, पण त्याने प्रत्येक कणाला त्याचा त्याचा नियम सांगितला आणि प्रत्येक कण म्हणाला, हो, ऐकतो. एवढ्यात ताईने काळा फुगा फोडला आणि आतली चमकी सगळीकडे!! दोन पोरं रडली, बाकीची किंचाळली, माझी लेक माझ्या मांडीत. सासरे सोबत होते ते कानात म्हणाले, अगं हे ऋग्वेदातलं सृष्टीच्या सुरुवातीचं नासदीय सूक्तच की, अंधाराने झाकलेला अंधार.

पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. गोष्ट थांबवून ताईने काचेच्या बरणीत काकवी, निळं पाणी आणि गोडं तेल एकत्र ओतलं, ढवळलं, आणि म्हणाली आता बघत बसा, जड असेल तो खाली जाणार, त्याला तसाच नियम दिलाय. तेल लगेच वर आलं पण काकवी अर्धीअधिक पाण्यातच विरघळली हो, नुसतंच ओतायला हवं होतं, ढवळायचं कशाला! तरी पोरं नाक टेकवून बघत होती. पृथ्वीच्या पोटात लोखंड का आणि वर हलके दगड का, हे मला दहावीत पाठ करूनही जे कळलं नव्हतं ते तिथे कळलं.

ज्वालामुखी सोडा-व्हिनेगरचा होता. आधी फोन करून विचारून घेतलं होतं, कारण आमच्या कॉलेजात अमोनियम डायक्रोमेटचा करायचे, नारिंगी पावडर पेटवली की हिरवी राख उडते, दिसतं भारी पण क्रोमियम विषारी, मुलांसमोर नकोच.

आता तक्रारी. एका मुलाने विचारलं, "ताई हे खरं आहे का गोष्ट आहे?" आणि ताई चक्क "दोन्ही!" म्हणून पुढे गेली. अहो तोच तर प्रश्न होता ना. देव ही गोष्ट आणि बरणी खरी, एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. दुसरं म्हणजे गोष्टीत सुरुवातीला थंडी, आणि विज्ञान म्हणतं 1380 कोटी वर्षांपूर्वी सगळं भयंकर गरम आणि दाटीवाटीने होतं. आणि ज्याला महास्फोट (बिग बँग) म्हणतात तो फुगा फुटतो तसा एका जागी झालाच नाही, जागाच ताणली गेली. मी शेवटी भीतभीत बोलले तर ताई म्हणाली मोठ्या मुलांना तसं सांगतो. बरं. चमकी मात्र चार दिवस लेकीच्या केसातून निघत होती आणि एक कण अजून माझ्या चष्म्याच्या फ्रेमवर आहे.

शेवटी पार्किंगमध्ये 45 मीटर काळी कापडी पट्टी उलगडली, एक मीटर म्हणजे 10 कोटी वर्षं, म्हणजे सगळी मिळून पृथ्वीचं वय. पोरं पळत सुटली. मासे यायलाच जवळपास 40 मीटर लागले, डायनासोर संपले ते टोकाच्या 66 सेंटीमीटर आधी, आणि माणूस म्हणजे टोकाला 3 मिलिमीटरची पांढरी शिवण. लेक त्या शिवणीवर बोट ठेवून म्हणाली "आणि आजोबा कुठेत?" सासरे इतके हसले की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या झाकणावरचं पाणी थेंब थेंब पडताना बघून म्हणते, आई बघ ऐकतायत कण. 600 वसूल.

6 च्या आतल्या मुलांना नेऊ नका, फुग्याला घाबरतात. केस बांधून न्या. आणि जमणार नसेल तर काळ्या लोकरीचा गुंडा आणा, 45 मीटर मोजा, टोकापासून 66 सेंटीमीटरवर एक गाठ मारा आणि गच्चीवर सोडा पोरांना.