ट्रायफोकल लेन्स: वर्षभराच्या वापरानंतर

दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून ट्रायफोकल लेन्स (दूर, मधलं, जवळ असे तीन फोकस असलेली) बसवली त्याला आता वर्ष होत आलं. आधी वाचन बरंच केलेलं, कोक्रेनचा (ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते) मोनोफोकल म्हणजे एकच फोकस विरुद्ध मल्टिफोकल म्हणजे अनेक फोकसवाला रिव्ह्यू पण वाचला होता, त्यात सरळ म्हटलंय की मल्टिफोकलवाल्यांना चष्मा कमी लागतो पण हॅलो (दिव्याभोवती कडी) आणि ग्लेअरचा (डोळे दिपण्याचा) त्रास जास्त. दोन्ही अगदी खरं निघालं. फक्त पहिलं दिवसा कळतं आणि दुसरं रात्री, त्यामुळे मला कोणी दुपारी विचारलं तर मी एकदम खूश असतो.

पहिला डोळा झाल्यावर दुसरा व्हायचा होता तेव्हाची गंमत सांगतो, एक डोळा झाकून पांढरी भिंत बघायची, मग दुसरा झाकून, जुन्या डोळ्याने तीच भिंत चक्क पिवळट दिसायची. इतकी वर्षं आपण हे असलं बघत होतो!

दिवसा मोबाईल, लॅपटॉप, रस्त्यावरच्या पाट्या, सगळं चष्म्याशिवाय. पण पुस्तक साधारण 40 सेंटीमीटरवर धरावं लागतं, आणखी जवळ आणलं की अक्षर फुटतं. आणि उजेड हवा. डॉक्टरांकडच्या चार्टवर माझं 6/6 म्हणजे नॉर्मल आहे, पण तो चार्ट म्हणजे पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं. औषधाच्या पट्टीवरची चंदेरीवर करड्या शाईतली एक्स्पायरी संध्याकाळी वाचून दाखवा म्हणावं. कारण साधं आहे, लेन्स येणारा प्रकाश वाटून देते. जुन्या दोन फोकसवाल्या डिफ्रॅक्टिव्ह (बारीक कड्यांनी प्रकाश वाटणाऱ्या) लेन्समध्ये साधारण 41 टक्के दूरला, 41 टक्के जवळला आणि उरलेला 18 टक्के वायाच, आणि ट्रायफोकलमध्ये तर वाटेकरी तीन. म्हणून एखाद्या अभ्यासात नुसती चार्टवरची नजर दिली असेल आणि कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी (फिकट फरक ओळखण्याची क्षमता) दिलीच नसेल तर मी तो अर्धाच धरतो.

रात्री समोरून गाडी आली की हेडलाइटभोवती बारीक कडी दिसतात, एकात एक. सुरुवातीला वैताग यायचा, आता मेंदू बऱ्यापैकी दुर्लक्ष करतो, पण कडी गेलेली नाहीत, पावसात तर जास्तच. रोज रात्री गाडी चालवणाऱ्याला मी ही लेन्स घे म्हणणार नाही, त्याने मोनोफोकल किंवा एडॉफबद्दल (EDOF, एकच फोकस लांबवलेली लेन्स) विचारावं.

आणि एक, या अभ्यासांत बहुधा काचबिंदू, रेटिनाचा (डोळ्याच्या पडद्याचा) आजार, वेडावाकडा कॉर्निया असलेले लोक आधीच बाजूला काढलेले असतात. तुम्हाला यातलं काही असेल तर तिथले आकडे तुमचे नाहीत. मोजमाप पण नीट करून घ्या, डोळ्याच्या लांबीत 1 मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीन डायॉप्टरने (चष्म्याच्या नंबराचं एकक) हुकतो, आणि या लेन्सला उरलेला अर्धा नंबरसुद्धा सोसत नाही. 1949 साली डोळ्यांचे सर्जन हॅरॉल्ड रिडलींनी लंडनमध्ये डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली तेव्हा त्या पेशंटला नंतर भलामोठा मायनस नंबर आला होता, तिथून आपण इथवर आलोय हेही खरं.

काही महिन्यांनी परत धूसर वाटलं तर लेन्सच्या मागचा पातळ पापुद्रा (कॅप्सूल, रेटिना नव्हे) गढूळ झालेला असू शकतो, याग नावाच्या लेझरने पाच मिनिटांत त्यात भोक पाडून वाट मोकळी करतात. पण तुमची तक्रार पहिल्या दिवसापासूनची असेल आणि लेन्स बदलायचा विचार मनात असेल तर याग करायच्या आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण एकदा तो मागचा पापुद्रा उघडला की लेन्स काढणं बरंच जोखमीचं होतं. मला अजून याग लागलेलं नाही, लेन्स पण बदलणार नाही, रात्रीचं लांबचं ड्रायव्हिंग तेवढं बंद केलंय.