राज्यांच्या कायद्यांचे अलर्ट देणारी सर्व्हिस: वर्षभर वापरल्यावर काय वाटतंय

मी अटलांटाला अपघाताच्या केसेस घेणाऱ्या एका छोट्या ऑफिसमध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे. माझं मुख्य काम म्हणजे तारखा सांभाळणं. कुठली केस कधीपर्यंत टाकायची, कुठली मुदत कधी उलटते, हे चुकलं तर समोरच्या माणसाचा हक्कच जातो, म्हणून मागच्या मार्चमध्ये महिन्याला ३९ डॉलर भरून ही सर्व्हिस घेतली. कुठल्याही राज्यात नुकसानभरपाईचा कायदा बदलला किंवा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आला की यांचा ईमेल येतो, आणि वेबसाइटवर प्रत्येक राज्याचं एक पान आहे. नाव इथे टाकत नाही कारण माझी एक मोठी तक्रार आहे आणि ती त्यांना थेट कळवलेली आहे.

आधी चांगलं सांगते. २१ एप्रिल २०२५ ला गव्हर्नर केम्पनी जॉर्जियाच्या एसबी ६८ वर, म्हणजे नुकसानभरपाईच्या खटल्यांचे नियम बदलणाऱ्या कायद्यावर, सही केली आणि त्याच दिवशी संध्याकाळी यांचा मेल आला होता, नुसती बातमी नाही तर कलमावार फोड करून. सीटबेल्ट लावला नव्हता ही गोष्ट आधी ज्युरीपुढे आणताच यायची नाही, आता येते. खटला दोन टप्प्यांत चालवा अशी मागणी करता येते, म्हणजे चूक कोणाची हे आधी आणि पैसे किती ते नंतर. आणि वेदना, मनस्ताप यांच्यासाठी वकिलाने ज्युरीपुढे आकडा कधी बोलायचा यावरही बंधन आलं, सगळा पुरावा संपल्याशिवाय नाही. आमच्या वकीलबाईंनी तो मेल प्रिंट करून भिंतीवर लावला, अजून तिथेच आहे आणि त्याच्यावर तीन रंगांचे हायलायटर झालेत.

टेक्सासच्या वर्नर या ट्रक कंपनीच्या केसवरची नोटही मला फार आवडली. ३० डिसेंबर २०१४, ओडेसाजवळ आय-२० हायवेवर बर्फ, एका पिकअपचा ताबा सुटला आणि ती मधली मोकळी जागा ओलांडून समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली, त्यात सात वर्षांचं मूल गेलं. २०१८ मध्ये ज्युरीने जवळपास ९ कोटी डॉलर द्यायला सांगितले होते, व्याज धरून ते १० कोटींच्या वर गेले, आणि २७ जून २०२५ ला टेक्सास सुप्रीम कोर्टाने सगळं रद्द केलं. ट्रक त्या वेळी त्या जागी होता एवढ्यावरून तो अपघाताचं कायदेशीर कारण ठरत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. नोट लिहिणाऱ्याने आकड्यांवर न थांबता कारण आणि निमित्त यातला फरक नीट समजावलाय, आणि त्या कुटुंबाबद्दलही दोन ओळी माणसासारख्या लिहिल्यात. हे कायद्याच्या बुलेटिनमध्ये क्वचितच दिसतं.

जुन्या निकालांचा साठाही बरा आहे. ओहायोचा जुलै २०२४ चा चिकनच्या बोनलेस विंग्जचा निकाल मी तिथेच नीट वाचला, बोनलेस म्हणजे पदार्थ करायची पद्धत, हाड नसल्याची गॅरंटी नव्हे, म्हणून ज्याच्या अन्ननलिकेला हाडाने इजा झाली त्याची केस ज्युरीपर्यंत गेलीच नाही. निकाल ४ विरुद्ध ३ होता, आणि इथे त्या तीन न्यायमूर्तींचं म्हणणंही तितक्याच जागेत दिलंय. मला स्वतःला त्या तिघांचंच पटतं, हे ज्युरीनेच ठरवायला हवं होतं.

आता तक्रार.

जानेवारीत माझ्या आईच्या मैत्रिणीचा, मावशीच म्हणते मी त्यांना, टॅम्पाहून फोन आला. १० मार्च २०२३ ला तिथल्या एका दुकानात ओल्या फरशीवरून पाय घसरून पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. त्यांनी फोटो पाठवला, त्यात फरशी चकाकतेय आणि 'फरशी ओली आहे'चा पिवळा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलाय, घडी घातलेला, उघडलेलाच नाही. मी घाईत होते, म्हटलं सविस्तर उद्या बोलू, तोवर हे वाचा, आणि सर्व्हिसच्या फ्लोरिडाच्या पानाची लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "अगं राहू दे आता, दोनच वर्षं असतात म्हणे, माझीच चूक, मी आधीच काहीतरी करायला हवं होतं."

पानावर मोठ्या अक्षरात तेवढंच होतं, निष्काळजीपणाच्या दाव्याची मुदत २ वर्षं. पण फ्लोरिडाचा एचबी ८३७ कायदा २४ मार्च २०२३ ला लागू झाला आणि चाराची दोन वर्षं झाली ती त्यानंतर घडलेल्या घटनांसाठी. मावशी दोन आठवडे आधी पडल्या होत्या, म्हणजे त्यांची जुनी चार वर्षं आहेत, मार्च २०२७ पर्यंत. ही अट पानावर होती, नाही असं नाही, पण खाली एका बंद टॅबच्या आत, क्लिक केल्याशिवाय दिसत नाही. सत्तरीतली बाई फोनवर वाचताना तो टॅब कशाला उघडेल? आणि खरं सांगायचं तर मी पण आधी बघून मगच पाठवायला हवं होतं, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी फोन करून सांगितलं, तिथल्या वकिलाशी गाठ घालून दिली, आता ते बघतायत.

सर्व्हिसवाल्यांना लगेच मेल केला. उत्तर नऊ दिवसांनी आलं. पान दुरुस्त केलं, तारीख आता वर आहे, पण नऊ दिवस म्हणजे फार झाले, मुदतीच्या बाबतीत तर एक दिवसही माणसाला बुडवू शकतो.

याचं मला जास्त वाईट वाटतं कारण यांना हे जमतं! लुइझियानाचं पान बघा, पहिल्याच ओळीत तक्ता आहे. ३० जून २०२४ पर्यंतचा अपघात असेल तर एक वर्ष, १ जुलै २०२४ पासूनचा असेल तर दोन. खाली कोणाची चूक किती टक्के त्याचा नियम, तो पण तारखेसकट. २०२५ अखेरपर्यंतच्या अपघातात तुमची चूक ६० टक्के ठरली तरी १ लाख डॉलरच्या नुकसानातले ४० हजार मिळायचे, १ जानेवारी २०२६ पासूनच्या अपघातात ५१ टक्के किंवा जास्त चूक ठरली की काहीच नाही. असं लिहिलं तर कोणालाही कळतं, त्याला वकील असायला लागत नाही. सगळ्या राज्यांची पानं अशी हवीत, सध्या मी मोजली त्यात निम्मीसुद्धा नाहीत.

सर्च ठीकठाक आहे, मोबाइल अ‍ॅप हळू आहे, बिलिंगचा कधी त्रास झाला नाही.

पाचपैकी साडेतीन. ऑफिसने पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत, मीच भरा म्हटलं, कारण इतक्या लवकर आणि इतक्या राज्यांचं एका जागी देणारं दुसरं मला मिळालं नाही. फक्त आता लिंक कोणालाही पाठवत नाही, आधी फोन करून अपघाताची तारीख विचारते, कायदा कधीपासून लागू ते स्वतः उघडून बघते आणि मग सांगते. मावशींची फाइल मी माझ्या कॅलेंडरमध्ये पण टाकून ठेवलीये, दर महिन्याच्या दहा तारखेला रिमाइंडर वाजतो.