बुलेटचे प्लॅटिनम काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट टाकलं, सहा महिने वापरून झाले

गाडी बाबांची, १९८४ ची कास्ट आयर्न ३५० बुलेट, सगळं काम मी घरीच अंगणात करतो. मागच्या वर्षी पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटात गरम होऊन बंद पडली, किका मारून मारून पाय भरून आला तरी चालू होईना, आणि अर्धा तास उभी ठेवली तर दुसऱ्या किकला चालू. असं तीनदा झालं. मला वाटलं पेट्रोलचं काहीतरी असणार, हल्ली त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले, कॉकचे वॉशर बदलले, फरक शून्य. शेवटी एका संध्याकाळी गरम असतानाच डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि भावाला किक मारायला लावली तर मोठी पिवळी ठिणगी पॉइंटवरच (म्हणजे प्लॅटिनम, उघड-मीट होऊन प्लगला ठिणगी पाडणारे संपर्क) उडतेय आणि प्लगला करंट मेल्यासारखा! म्हणजे कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) गेलेला. गरम झाला की दम सोडतो, गार झाला की परत चालतो. तुमची गाडी अशी वागत असेल तर कार्बोरेटरला हात लावायच्या आधी हे बघा, खरंच.

नवा कंडेन्सर टाकला तो महिनाभरात गेला, दुसऱ्याचं पण तेच. मग नाना पेठेतून साडेतीन हजाराचं लोकल किट आणलं. पॉइंटच्या जागी सेन्सरची प्लेट आणि कॅमवर मॅग्नेट, बस. गाडी १२ व्होल्टची लागते, आमची आधीच बदललेली होती, ६ व्होल्टवाल्यांनी तो खर्च वेगळा धरा.

सोबतचा कागद मात्र अगदीच निरुपयोगी, टायमिंगबद्दल (ठिणगी नेमकी कधी पडायची) दोन ओळी. ३५० ला ऑटो ॲडव्हान्सची (इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं मिटलेली असताना पिस्टन टॉपच्या ०.८ मिमी आधी ठिणगी पडायला पाहिजे, पण प्लगचं भोक तिरकं असल्यामुळे स्पोक घालून ते माप नीट मिळत नाही. मी काय केलं, जुन्या पॉइंटवर टायमिंग बरोबर होतंच, त्यांचा गॅप फिलर गेजने ०.३८ करून घेतला, टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढे फिरवलं, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरला आणि तो कम्प्रेशन स्ट्रोकला जिथे अलगद सुटला तिथेच थांबलो. मग चाक अजिबात न हलवता प्लेट बदलली आणि सेन्सरवरचा छोटा दिवा जिथे बदलतो तिथे स्क्रू आवळले. टायमिंग जास्त ॲडव्हान्स राहिलं तर किक उलटी येते आणि घोट्याची वाट लागते, इथे घाई नको. ती वजनं आणि स्प्रिंगा जुन्याच राहतात, स्प्रिंग ढिली असेल तर किट टाकून काही होणार नाही, आधी ती बदला.

सहा महिन्यांत गरम झाली म्हणून एकदाही बंद पडलेली नाही. स्लो इतका मस्त लागतो की एकेक ठोका मोजता येतो, सकाळी दुसऱ्या किकला चालू. ॲव्हरेजमध्ये फरक पडल्याचं जाणवलं नाही.

तक्रारी दोनच. सेन्सरची वायर आखूड आहे आणि सायलेन्सरच्या पाइपाला चिकटायला बघते, मी स्लीव्ह घालून टाकीखालून वर घेतली. आणि बॅटरी उतरली की मिसिंग चालू, पॉइंटवर अशाच बॅटरीवर गाडी कशीबशी घरी यायची, यात नाही येत. ॲम्पिअर मीटरचा काटा रेस केल्यावर पण प्लसकडे जात नसेल तर आधी चार्जिंग नीट करून घ्या.

रस्त्यात किट गेलं तर ते तिथे दुरुस्त होत नाही, प्लॅटिनम निदान पॉलिश पेपर मारून चालू करता येतात. म्हणून जुनी प्लेट गॅप लावून, एक कंडेन्सर आणि फिलर गेज सकट, ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवलीय.