मराठीतून बोलायचं की दार लावून?

माझी मावसबहीण लेस्टरला असते. बाळंतपणाला मावशी व्हिसा काढून आली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कानाला घट्ट रुमाल, सगळं साग्रसंगीत झालं. बाळ अडीच महिन्यांचं होतं तेव्हा रात्री दीडला तिचा मेसेज आला : "ताई, काही करवत नाही गं. तो रडला की उठते, घेते, पण दुसऱ्या कुणाचं मूल सांभाळतेय असं वाटतं." घरात निदान आधीच झालं होतं. दृष्ट लागलीय आणि दूध कमी पडतंय.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप निवळतं. दोन आठवडे उलटूनही ते जात नसेल तर मात्र बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, "होईल बरं" म्हणत थांबू नये. ऑनलाइन मदतीच्या तीन वाटा आम्ही दोघींनी तपासल्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

पहिली वाट एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची. इंग्लंडमध्ये तिच्या 'टॉकिंग थेरपीज'साठी, म्हणजे बोलून होणाऱ्या उपचारांसाठी, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदलेलं असलं की आपणच फॉर्म भरायचा. डिपेंडंट व्हिसावर असाल तरी पैसे पडत नाहीत, व्हिसा काढताना हेल्थ सरचार्ज (बहुतेकांना वर्षाला १०३५ पौंड) भरलेला असतो तो ह्यासाठीच. बाळंतिणींना रांगेत सहसा पुढे घेतात, म्हणून फॉर्ममध्ये बाळाचं वय नक्की लिहा. मग व्हिडिओवर थेरपिस्ट मिळते, किंवा संगणकावर आपणच वाचायचे धडे आणि मधूनमधून एक फोन.

धड्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. "रोज बाहेर पडा, मैत्रिणींना भेटा" हा सल्ला चुकीचा नाही, पण सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही असं ज्या घरात चालतं तिथे तो पाळायचा कसा, ह्याबद्दल अवाक्षर नाही. भाषेचंही तसंच. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला बघायला येणारी नर्स, नैराश्य ओळखायला १० प्रश्नांची एक यादी विचारते, १९८७ साली एडिंबरा परिसरात तयार झालेली. त्यात एक वाक्य आहे : 'थिंग्ज हॅव बीन गेटिंग ऑन टॉप ऑफ मी.' बहीण इंजिनिअर आहे, इंग्रजी उत्तम. तरी तिने मला फोन करून विचारलं, "म्हणजे काय गं, अंगावर काय येतंय?" मी म्हटलं, झेपत नाही असं. "मग तसं विचारा ना!" दुभाषा मागता येतो, फुकट असतो. फक्त नवऱ्याला दुभाषा करू नका, कितीही गुणाचा असला तरी.

दुसरी वाट म्हणजे आपल्यासारख्या बायकांसाठीच बेतलेली थेरपी. ब्रिटनमध्ये ह्याचा सगळ्यात मोठा अभ्यास 'रोशनी-२' हा. मँचेस्टर विद्यापीठाचे नुसरत हुसैन त्याचे प्रमुख, आणि निकाल २०२४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आले. बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या ७३२ दक्षिण आशियाई स्त्रिया, चार महिन्यांत १२ गटबैठका, चालवणाऱ्या बायका त्यांच्याच भाषा बोलणाऱ्या. चार महिन्यांनी गटातल्या ४९ टक्के जणी सावरल्या होत्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३७ टक्के. वर्षभराने मात्र दोन्ही गटांमध्ये तसा फरक उरला नव्हता. काहींना हा निकाल फिका वाटतो. मला नाही वाटत. तान्ह्या बाळाच्या आईला ते पहिले महिने लवकर परत मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

तिथे 'बेतलेली' म्हणजे पत्रकांचं भाषांतर नव्हे. "डोकं जड झालंय, अंगात त्राण नाही" असं म्हणणारीला आधी थायरॉइड आणि मग काउन्सेलिंग असं फिरवत न बसता तेही नैराश्याचं बोलणं म्हणून ऐकायचं, आणि सासू, नवरा, देवधर्म हे विषय वर्ज्य मानायचे नाहीत. गोव्यात 'संगाथ' संस्थेनेही गरोदर बायकांसाठी असा प्रयोग केला होता. तिथे वस्तीतल्याच बायकांना शिकवून 'सखी' म्हणून घरोघर पाठवलं.

अडचण अशी की रोशनीची आखणी मुळात समोरासमोर बसण्याची. असा गट सगळीकडे नसतो, आणि असला तर बहुधा उर्दू-पंजाबीत. हिंदीवर भागेल, पण आपल्या ओळखीतलीच कुणी समोर बसली तर? लेस्टरमध्ये हे सहज घडू शकतं.

तिसरी वाट पुण्या-मुंबईची मराठी थेरपिस्ट, व्हिडिओवर. फी रुपयांत, त्यामुळे इथल्या खासगीपेक्षा परवडते. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे आपले सकाळचे दहा त्यांचे दुपारचे अडीच, सोयीचंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी विचारा, आणि ब्रिटनमधली खासगी निवडलीत तर बीएसीपी (काउन्सेलरांची संघटना) किंवा एचसीपीसीची (सायकॉलॉजिस्टची नियामक संस्था), कारण 'काउन्सेलर' ही पाटी इथे कुणीही लावू शकतं. मर्यादाही मोठी आहे. गोळ्यांची गरज पडली तर भारतातली बाई लेस्टरच्या दुकानासाठी चिठ्ठी देऊ शकत नाही, आणि रात्री प्रसंग आला तर तिच्या हातात काही नाही. म्हणून ही वाट घ्या, पण जीपीला सांगूनच. अंगावर पाजत असतानाही चालणाऱ्या गोळ्या असतात, ते त्यांनाच विचारा.

बहिणीने अर्थातच मराठी थेरपिस्ट निवडली. मीही हेच सुचवलं होतं, आणि चुकले. पहिल्या सेशनला थेरपिस्ट म्हणाली, "घरात कुणाचा त्रास होतोय का? मोकळं बोला." त्याच क्षणी स्वयंपाकघरात चाललेला भांड्यांचा आवाज थांबला. तिथल्या घरांच्या भिंती पुठ्ठ्याच्या. पुढची चाळीस मिनिटं बहीण "नाही, तसं काही नाही" म्हणत राहिली.

तीन आठवड्यांनी तिने इंग्रजी थेरपिस्ट घेतली. मावशीला इंग्रजी कळतं, पण दाराआडून भरभर बोललेलं नाही. ज्या भाषेत रडू येत नाही ती भाषा तिला उपयोगी पडली. आता कुणी विचारलं तर मी आधी भाषा विचारत नाही, तुमच्या वेळेला घरात कोण असतं ते विचारते. एकटी असाल तर मराठी, बेलाशक. घर भरलेलं असेल तर इंग्रजी, किंवा प्रॅम घेऊन फिरताना फोनवर. थेरपिस्ट नवखी वाटली तर लगेच नाही म्हणू नका. अमेरिका-कॅनडातल्या १२३० स्त्रियांच्या अभ्यासात, निकाल २०२५चा, शिकवून तयार केलेल्या नर्स-सुईणी तज्ज्ञांपेक्षा कमी पडल्या नाहीत, आणि व्हिडिओवरची थेरपीही समोरासमोरच्यापेक्षा कमी पडली नाही.

हे सगळं बाजूला ठेवायची वेळ एकच. बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटणं, झोप पूर्ण उडणं, भलतेच संशय, आवाज ऐकू येणं. तेव्हा ऑनलाइन काही नाही, थेट ९९९. भारतात असाल तर ११२, आणि नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, मराठीतही बोलतात. "मूल काढून नेतील" ही भीती प्रत्येकीला असते. नैराश्य आहे एवढ्या कारणाने तसं कुणी करत नाही.

बहीण हल्ली गुरुवारी अकराला बाळाला मावशीकडे देऊन खाली गाडीत जाऊन बसते, काचा वर करून. मावशीला वाटतं, ड्रायव्हिंगचा सराव चाललाय.